सात चाळीसची जीप

"नाव टाइप केल्यापासून नळीवरचं स्टिकर हातात येईपर्यंत किती वेळ लागणार?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

नांदेडला त्यांच्या लॅबच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. टेबलावर मी काढलेले कागद पसरले होते. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. ज्या सॉफ्टवेअरचा वेळ त्या विचारत होत्या, त्याची एक ओळसुद्धा अजून कुणी लिहिलेली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले आमचे सर म्हणाले, "दोन सेकंद, मॅडम. जास्तीत जास्त."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं?"

"मी हिशेब करून सांगते," मी म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले.

सर म्हणजे लातूरच्या आमच्या आठ माणसांच्या कंपनीचे मालक. मी राहते नांदेडला. आठवड्यातले दोन दिवस लातूरला जाते, बाकीचे दिवस घरून काम करते. एखादी यंत्रणा नुसती कागदावर असतानाच ती किती भार घेईल, किती वेळात उत्तर देईल, कुठे अडकेल, हे सांगणं माझं काम. स्लॅब टाकायच्या आधी इंजिनिअरला लोखंडाचा हिशेब विचारतात ना, तसंच. फरक इतकाच की लोखंडाचे तक्ते छापलेले मिळतात. माझ्याकडे फक्त अंदाज असतो.

या कामाकडे मी हौसेनं वळले नव्हते. पुण्यात पहिल्या नोकरीत आम्ही नोकरभरतीच्या अर्जांची वेबसाइट केली होती. आखणी चालू असताना साहेबांनी मला विचारलं होतं, शेवटच्या दिवशी सगळे एकदम आले तर? मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चालेल." शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजता ती वेबसाइट बसली ती उठलीच नाही. तक्रारींचे फोन घ्यायला आम्हा सगळ्यांनाच बसवलं होतं. माझ्या वाट्याला एका मुलीचा फोन आला. ती ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. सकाळी सातपासून सायबर कॅफेत बसल्येय, गावाकडे जायची शेवटची गाडी सुटेल, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. त्यानंतर माझ्या तोंडून 'चालेल' हा शब्द कामाच्या बाबतीत कधी निघाला नाही.

मॅडमच्या लॅबचं काम तसं बघायला गेलं तर लहान होतं. नांदेडला मुख्य लॅब, लातूरला दुसरी. अर्धापूर, लोहा आणि धर्माबाद या तालुक्यांच्या गावी त्यांची तीन सेंटर्स. सेंटर म्हणजे दोन खुर्च्या, एक टेबल, हिरवा पडदा आणि रक्त घेणारा माणूस. तो रक्त घेतो, नळीवर नाव लिहितो, बर्फाच्या डब्यात घालून नांदेडला पाठवतो. आता हातानं लिहिलेल्या नावाच्या जागी नाव आणि कॉम्प्युटरनं दिलेला नंबर छापलेलं स्टिकर लागणार होतं, आणि रिपोर्ट थेट पेशंटच्या आणि डॉक्टरच्या फोनवर जाणार होता.

मॅडमची अट मात्र एकच आणि कडक होती. पूर्वी कधीतरी त्यांच्या लॅबचा जुना कॉम्प्युटर बिघडला होता आणि एका दिवसाच्या नोंदी गेल्या होत्या. लोकांना परत बोलावून परत सुया टोचाव्या लागल्या होत्या. त्यात एक म्हातारी होती, जिची शीर सापडता सापडत नव्हती. "एकदा रक्त घेतलेल्या माणसाला मी परत बोलावणार नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "नांदेडचं मशीन जळून गेलं तरी नोंद लातूरला असली पाहिजे."

म्हणून मी अशी आखणी केली होती की सेंटरवर नाव टाइप झालं की ते नांदेडच्या सर्व्हरवर लिहिलं जाईल. नांदेड लगेच लातूरला विचारेल, तुझ्याकडे लिहिलंस का? लातूर म्हणेल, लिहिलं. मगच सेंटरवर स्टिकर बाहेर पडेल. दोन्हीकडच्या वह्या जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरक्षित होतं, पण त्यात वाट पाहणं होतं. आणि वाट पाहण्याचा हिशेब हेच माझं दुखणं.

माझा तो लातूरच्या ऑफिसचा दिवस होता, म्हणून सरांच्याच गाडीतून निघाले. वाटेत सर म्हणाले, "दोन सेकंद मी बोलून बसलोय. आता तेवढं कागदावर दाखवा."

"आधी उत्तर आणि मग हिशेब, असं नसतं सर."

"तुम्ही लई काळजी करता," सर म्हणाले आणि लोह्याच्या पुढे चहाला गाडी थांबवली. त्यांचंही चुकत नव्हतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या सोडून मॅडमनी आम्हाला काम दिलं होतं, आणि ते गेलं असतं तर आठ माणसांना काय सांगायचं हा प्रश्न त्यांचा होता, माझा नव्हता.

मी सेंटर्सच्या वह्या मागवल्या. कोण किती वाजता आलं, कोणती तपासणी, असं सगळं त्यात लिहिलेलं असायचं. सहा महिन्यांची पानं फोनवर फोटो काढून आली. आठवडाभर सकाळी मुलीला शाळेत सोडून आले की मी जेवणाच्या टेबलावर ती पानं घेऊन बसायचे. अर्धापूरची वही सगळ्यांत सुंदर होती. ठसठशीत अक्षर, निळी शाई, वेळेचा रकाना कधीच रिकामा नाही. सात पन्नास, सात पंचावन्न, आठ, आठ पाच. माणसं एकामागून एक, सावकाश, दम खात आल्यासारखी. लोह्याची आणि धर्माबादचीही साधारण तशीच.

रांगेचं गणित फसवं असतं. खिडकीवरच्या माणसाचा अर्धा वेळ रिकामा जात असेल तर रांग दिसतच नाही. तीन चतुर्थांश वेळ भरला की ती दिसायला लागते. त्याच्या पुढे काम थोडंसंच वाढलं तरी रांग दारातून बाहेर जाते, आणि सगळे विचारतात, काल तर ठीक होतं, आज काय झालं? मी वह्यांवरून हिशेब केला तेव्हा आमची खिडकी, म्हणजे नांदेडचा सर्व्हर, निम्म्याहूनही कमी भरलेली निघाली. सरासरी थांबणं दोन सेकंदांच्या आतच. मी तीनदा तपासलं. नवरा कॉलेजला निघताना म्हणाला, "उत्तर चांगलं आलंय ना? मग चेहरा असा का?"

"एवढं चांगलं का आलं, ते कळत नाही," मी म्हणाले.

पण चांगलं आलेलं उत्तर चुकीचं कसं म्हणणार? मी कागद केला, खाली सही केली. सरांनी तो त्याच दिवशी मॅडमना पाठवला. मॅडमनी होकार कळवला. लातूरला मुलांनी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं.

पुढचे तीन आठवडे बरे गेले. मग मॅडम म्हणाल्या, सेंटरवरच्या लोकांना स्क्रीन कशी दिसणार ते एकदा दाखवून या, उगाच नंतर कुरबुर नको. अर्धापूर जवळ म्हणून मी तिथून सुरुवात केली. साडेसहाची बस पकडली. सेंटरवर पोचले तेव्हा सात वाजले होते. रस्त्याच्या पलीकडे केळीचे घड भरायला ट्रक लागले होते, आणि सेंटरचं शटर नुकतंच वर गेलं होतं.

सेंटर चालवणारे चाचा पंचावन्नच्या आसपासचे असतील. पांढरी दाढी नीट कातरलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पंचवीस वर्षं हेच काम. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"बसा ताई. सकाळी सकाळी कशाला तकलीफ घेतली? मीच आलो असतो नांदेडला."

मी लॅपटॉपवर स्क्रीनची चित्रं दाखवली. त्यांना ती आवडली. वय आणि पत्ता यांची जागा बदला, एवढंच म्हणाले, कारण म्हातारी माणसं आधी गाव सांगतात, वय विचारलं की विचारात पडतात. बोलता बोलता साडेसात वाजून गेले. एकही पेशंट नाही. मला आश्चर्य वाटलं. वहीत तर सात पन्नासपासून ओळ लागलेली असायची. सुरू होईल आता हळूहळू, असं मनाशी म्हटलं.

सात चाळीसला समोर काळीपिवळी जीप येऊन थांबली. त्यातून माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. पुढून, मागून, टपावरूनसुद्धा एक जण. मी मोजली. चौदा. त्यातली अकरा सरळ सेंटरमध्ये आली. सगळी उपाशीपोटी, सगळ्यांना साखरेची तपासणी, आणि सगळ्यांना लवकर मोकळं होऊन चहा प्यायचा होता. तेवढ्यात बस आली. आणखी सात.

चाचांचे हात चालू झाले. पट्टा बांध, शीर बघ, सुई, कापूस, नळी, नाव. पुढचा. त्यांनी वहीला हातही लावला नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे संपले आणि सेंटर पुन्हा रिकामं झालं.

मग चाचांनी हात धुतले, चष्मा लावला, वही उघडली आणि निळ्या पेनानं लिहायला लागले. सात पन्नास. सात पंचावन्न. आठ. आठ पाच.

मी त्यांच्या पेनाकडे बघत राहिले.

"चाचा, या वेळा तुम्ही..."

"नंतर भरतो ताई. माणसं हात पुढं करून बसल्यावर लिहीत कोन बसतं? एकाच टायमाला अठरा नावं लिवली तर म्याडमना वाटंल गडबड करून राहिलो. म्हनून पाच-पाच मिनटं सोडतो. नीट दिसतं."

"रोज असंच येतात? सगळे एकदम?"

"रोज. पैली जीप, मंग बस. नंतर नऊ वाजेस्तोवर कोन्ही न्हाई." त्यांनी पेन थांबवलं. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "का? काही चुकलं का?"

चूक माझ्या कागदात होती. माझ्या हिशेबात पाच मिनिटांनी एक माणूस येत होता. खरं तर अकरा माणसं एका मिनिटात येत होती. माझी निम्मी रिकामी खिडकी म्हणजे पाऊण तास रिकामी आणि वीस-पंचवीस मिनिटं तुडुंब भरलेली खिडकी होती. आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत प्रत्येक स्टिकरला नांदेडहून लातूरला विचारून परत यायचं होतं.

"लोह्याला, धर्माबादलाही असंच असतं का?"

"लोह्याला बाजाराच्या दिवशी बघा. धर्माबादला गाडी आली की पूर्ण फलाट सेंटरवर येतो म्हनतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, म्याडमना नका सांगू, वही नंतर भरतो म्हनून. पंचवीस वर्षांत एक नळी इकडची तिकडं झाली न्हाई माझ्या हातून."

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, मलाच कळलं नाही. बसस्टँडवरून सरांना फोन केला.

"माझा कागद चुकलाय सर."

सर म्हणाले, "काम अर्धं झालंय. तुमच्या सहीचा कागद मॅडमकडे आहे. एका सेंटरवर एका सकाळी जीप आली म्हणून आता सगळं उलटं करायचं?"

"एक सकाळ नाही. रोज येते ती."

"हे कुणी सांगितलं?"

मी चाचांचं नाव घेतलं नाही. "मी अजून दोन ठिकाणी जाऊन बघते," म्हणाले.

"तुमच्या रजेतून बघा," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. भीती होती, आणि ती मला चांगली ओळखता येते.

लोह्याला मी बाजाराच्या दिवशी गेले. सेंटरसमोरच्या हॉटेलच्या बाकावर बसून वहीत रेघा मारत राहिले, एका माणसाला एक रेघ, दर मिनिटाला नवी ओळ. कितीतरी ओळी कोऱ्या राहिल्या आणि मग एका ओळीत रेघा मावेनात. हॉटेलवाल्यानं विचारलं, "जनगणना हाय का?" धर्माबादला सकाळच्या गाडीनं गेले आणि त्याच गाडीतून उतरलेल्या माणसांच्या मागे चालत सेंटरला पोचले. तिथे बायका आपसात तेलुगूत बोलत होत्या आणि रांग पायरीवरून खाली रस्त्यावर आली होती. मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण घड्याळाकडे बघून त्या काय म्हणत असतील ते कळत होतं. तिन्ही ठिकाणची गर्दी जवळपास एकाच तासात येत होती. तिन्ही वह्या मात्र छान दम खात चालल्या होत्या.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. चाचांचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी खरी गर्दी दाखवली की मॅडम पहिला प्रश्न विचारणार होत्या, मग वहीत हे का दिसत नाही? गप्प बसले तर जीपमधली माणसं उपाशीपोटी स्टिकरची वाट बघत बसणार. बोलले तर पंचवीस वर्षांच्या कामावर मी बोट ठेवणार. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू त्यांना शब्द दिलायस का?"

"मान हलवली."

"कशी?"

मी हलवून दाखवली. त्यालाही काही कळलं नाही.

लातूरला गेले त्या दिवशी मी सरांना बाजूच्या खोलीत बसवलं. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लिहून आणला होता. त्यात खरं सॉफ्टवेअर नव्हतं, नुसता त्याचा देखावा होता. खोटी माणसं, खोटा नांदेडचा सर्व्हर, खोटा लातूरचा, आणि दोघांमधली हळू चालणारी लाइन. पहिल्यांदा मी वह्यांप्रमाणे माणसं सोडली. पडद्यावरची थांबण्याच्या वेळेची रेघ जमिनीला चिकटून गेली. मग बाकावर बसून मोजलेल्या गर्दीप्रमाणे सोडली. रेघ थोडा वेळ तशीच चालली आणि मग भिंतीसारखी उभी राहिली. शेवटच्या माणसाला सव्वा मिनिट थांबावं लागत होतं.

"परत करा," सर म्हणाले.

परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बटण दाबलं. मग खुर्चीत मागे टेकून बसले. "बांधून झाल्यावर हे कळलं असतं तर..." एवढंच म्हणाले आणि ड्रायव्हरला फोन लावला. "चला. आजच नांदेडला जाऊ. उद्यावर टाकलं तर माझा धीर जाईल."

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. रेघ उभी राहताना पाहिली. आणि मग, मला माहीत होतं तसंच, विचारलं, "पण रजिस्टरमध्ये असं का दिसत नाही?"

सर माझ्याकडे बघायला लागले. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

"वह्या नंतर भरल्या जातात मॅडम," मी म्हणाले. "तिन्हीकडे. माणसं समोर असताना लिहिणं जमतच नाही."

"कुणी सांगितलं?"

"मी बघितलं."

मॅडमनी टेबलावरचा फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि अर्धापूरला लावला. तसं त्या करतील हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

"रजिस्टरमधली वेळ तुम्ही कधी लिहिता?"

पलीकडे कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला. मग चाचांचा आवाज आला, "नंतर लिहितो म्याडम."

"किती वर्षं?"

"पैल्यापासून."

मॅडमनी लोह्याला आणि धर्माबादलाही फोन लावून तेच विचारलं, तेच उत्तर आलं, आणि त्यांनी फोन ठेवला. चिडतील असं वाटलं होतं, पण त्या चिडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला होता. जरा वेळानं त्या बोलल्या ते माझ्याशी की स्वतःशी, सांगता येणार नाही. "रक्त नळीत पडून राहिलं की साखर खाली जाते. पोटॅशियम वर जातं. किती वाजता घेतलं ते बघून मी सही करते रिपोर्टवर. त्या वेळा मी खऱ्या धरत होते."

आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. मी स्टिकरच्या दोन सेकंदांची काळजी करत आले होते, आणि मॅडमच्या समोर कितीतरी वर्षांच्या सह्या उभ्या राहिल्या होत्या. फरक फार तर तास-सव्वा तासाचा, फार मोठा नव्हे, असं त्याच पुढे म्हणाल्या. पण म्हणताना त्या दोनदा पाणी प्यायल्या.

"आता तुम्ही काय करणार?" त्यांनी विचारलं.

मी नवीन चित्र काढून आणलं होतं. सेंटरनं प्रत्येक स्टिकरसाठी कुणाला विचारायचंच नाही. रोज पहाटे प्रत्येक सेंटरला नंबरांचा एक गठ्ठा देऊन ठेवायचा. माणूस आला की त्यातला पुढचा नंबर, स्टिकर तिथल्या तिथे, आणि त्यावर वेळ मशीननंच छापायची. नोंद मागच्या मागे नांदेडला आणि लातूरला जात राहील. दोघांनीही 'मिळाली' म्हटल्याशिवाय सेंटरचं मशीन आपली प्रत पुसणार नाही. तोटा एकच. काही मिनिटं नांदेडला कळणार नाही की अर्धापूरला कुणाचं रक्त घेतलंय.

मॅडमनी चित्र आपल्याकडे ओढून घेतलं. "सेंटरचंच मशीन त्या काही मिनिटांत जळलं तर?"

"तर त्या काही मिनिटांची नोंद जाईल. पण नळीवर स्टिकर असेल, त्यावर नाव असेल."

"तुम्ही 'नाही जाणार' म्हणाला नाहीत, हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. "करा. आणि आधीच्या कागदावर सही केली होती, तशी याच्यावरही करा."

मी सही केली.

काम दोन महिने लांबलं. लातूरच्या मुलांनी लिहिलेलं बरंचसं फाडून टाकावं लागलं. माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही, पण डबा खाताना माझ्या येण्यानं बोलणं थांबायचं. मॅडमनी तिन्ही सेंटर्सच्या लोकांना नांदेडला बोलावून दोन तास बसवलं, वेळेचं महत्त्व समजावलं. कामावरून कुणाला काढलं नाही. मी त्या बैठकीला होते. चाचा निघताना माझ्या शेजारून गेले. मी उठून उभी राहिले. ते थांबले, डोळे खाली ठेवूनच म्हणाले, "सलाम ताई," आणि गेले. मी काही बोलायला हवं होतं.

सुरू व्हायच्या दिवशी मी अर्धापूरला गेले. चाचांनी मला खुर्ची दिली आणि आपल्या कामाला लागले. जीप आली. नेहमीसारखीच माणसं उतरली. पहिलं स्टिकर बाहेर पडलं. दुसरं, तिसरं, दहावं. प्रिंटरचा कागद मध्येच अडकला आणि मी खुर्चीतून उठले. चाचांनी झाकण उघडून कागद सरळ केला, बंद केलं, पुन्हा चालू. साडेआठच्या आत सेंटर रिकामं झालं. मी फोनवर नांदेडची नोंद बघितली, मग लातूरची. सगळी नावं दोन्हीकडे होती. सरांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "छान. आता जेवा."

चाचा माझ्याशी त्या दिवशी कामापुरतंच बोलले, पुढे फोनवरही तेवढंच.

तीन-चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, नांदेड आणि लातूरमधली लाइन तुटली. रस्त्याचं काम चालू होतं आणि खोदायच्या मशीनच्या दातानं केबल उचकटली होती. मला फोनवर सूचना आली तेव्हा आठ वाजून गेले होते. म्हणजे गर्दीची वेळ. आता स्टिकर लातूरच्या उत्तरासाठी थांबत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कागदावर मीच लिहिलं होतं की काहीही होणार नाही. तरी भाजी चिरताना माझ्या हातातली सुरी थांबली. मी अर्धापूरला फोन लावला.

"चाचा, सेंटर चालू आहे ना?"

"चालू हाय की. का, काही झालं का?"

"नाही. सहज केला."

"सहज फोन करनारी मानसं तुम्ही न्हाई, ताई," ते म्हणाले, आणि फोनमध्येच मला त्यांचं हसणं ऐकू आलं.

मग मी सांगितलं, लातूरची लाइन गेलीय, तुमच्या मशीनवरच्या नोंदी तिथेच जपून ठेवलेल्या आहेत, मशीन बंद करू नका. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "न्हाई करत," म्हणाले. "लाइट गेली तर बॅटरी हाय. मी बसून हाय इथंच." जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी म्याडमचा फोन आला तवा मला वाटलं, तुम्ही माझंच नाव घेतलं."

"नाही घेतलं चाचा."

"नंतर कळलं मला. लोह्यावाल्यानं सांगितलं, त्यालाबी फोन गेला होता, धर्माबादलाबी. सांगायचं होतं तुम्हाला. पन राहून गेलं."

मग त्यांनीच विषय बदलला. धाकट्या मुलीला लातूरला शिकायला पाठवायचं घाटत होतं, तिथे मुलींच्या राहण्याची चांगली सोय कुठे आहे ते त्यांनी विचारलं. मी दोन-तीन ठिकाणं सांगितली. ऑफिसजवळच्या एका वसतिगृहात विचारून ठेवते म्हणाले. बोलताना माझा एक डोळा लॅपटॉपवर होता. नांदेडच्या वहीत नावं वाढत होती, लातूरची वही आठ वाजून बारा मिनिटांवर थांबलेली होती.

ती पुन्हा हलली तेव्हा बारा वाजून गेले होते. सकाळभराची नावं भराभर उतरली. मी ती एक एक करून दोन्हीकडे ताडून पाहिली. मशीननं ते आधीच केलेलं होतं, तरीही. मग उठून गॅस पेटवला आणि भाजी टाकली.